चार दोरांचा हिशेब

वाऱ्याच्या बळाने माणसाला ओढून न्यावे ही आकांक्षा जुनी आहे. इंग्लंडातील ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने पतंगांनी ओढली जाणारी गाडी सिद्ध करून १८२६ साली तिचे पेटंट मिळविले होते. परंतु समुद्रावर पडलेला पतंग पुन्हा आकाशात चढवावा कसा, हा प्रश्न त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ अनिर्णीतच राहिला. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या बंधूंनी १९८४ साली नोंदविलेल्या पेटंटाने त्याचा निकाल लावला: पतंगाच्या पुढच्या कडेत व आडव्या फासळ्यांत हवा भरली, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो, आपला आकार राखतो आणि दोर ओढताच पुन्हा उठतो. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रावर काइटच्या, म्हणजे पतंगाने ओढल्या जाणाऱ्या फळीवरून धावण्याच्या, शर्यती झाल्या; तेथील पतंगांची बांधणी निराळी होती, पण तेही बारनेच हाकले जात होते. पतंगाचे कौतुक सर्वांनी केले आहे. बारची योग्यता मात्र अद्याप पुरेशी ओळखली गेलेली नाही.

बार म्हणजे हातात आडवा धरायचा दांडा. त्यापासून साधारण २० ते २४ मीटर लांबीचे चार दोर पतंगाकडे जातात. मधले दोन पतंगाच्या पुढच्या कडेला जोडलेले असून ते दांड्याच्या मधल्या छिद्रातून खाली येऊन स्वाराच्या कमरेच्या पट्ट्यातील हुकात अडकतात; उरलेले दोन दांड्याच्या दोन टोकांपासून पतंगाच्या मागच्या कोपऱ्यांकडे जातात. ओढीचा मुख्य भार पुढच्या दोरांनी कमरेवर येतो, आणि हातांकडे केवळ मागच्या दोरांचा अंमल राहतो. दांडा जवळ ओढला की मागची कड खाली खेचली जाऊन पतंग वाऱ्याला अधिक तिरपा होतो आणि जोर वाढतो. दूर ढकलला की तो सपाट होऊन जोर ओसरतो. आपल्याकडे संक्रांतीला पतंगाची कन्नी बांधताना वाऱ्याशी त्याने किती कलावे याचा निर्णय जमिनीवरच करून टाकावा लागतो; बार ही उडत्या पतंगाची, क्षणोक्षणी बदलता येणारी कन्नी होय.

मात्र ही सत्ता एका अटीवर मिळते: चारही दोरांच्या लांबीचे परस्परप्रमाण ठीक असले पाहिजे. हे दोर डायनीमासारख्या अतिशय बळकट तंतूंचे असले तरी सततच्या ताणाने थोडेथोडे लांबतात, आणि अधिक भार पुढच्या दोरांवर असल्यामुळे तेच अधिक लांबतात. त्यामुळे मागचे दोर न कापता, न बदलता आखूड ठरतात. मग पतंग नेहमीच वाजवीपेक्षा तिरपा उडतो, त्याच्या पाठीवरून वाहणारी हवा सुटते आणि तो शेपटीकडून मागे कोसळतो. नवशिका वाऱ्याला दोष देतो. वास्तविक ही कैफियत दोरांची असते.

तपासणीचा शिरस्ता साधा आहे. चारही दोरांची टोके एकाच खांबाला अडकवावी, दोर पूर्ण लांबवावे, पुढचे दोर आखूड करणारा ट्रिमचा पट्टा पूर्ण सैल सोडावा आणि दांडा हुकाजवळ पूर्ण ओढून ताण द्यावा. बहुतेक निर्मात्यांच्या मांडणीत या स्थितीत चारही दोर समान ताणले जावेत आणि दांडा दोरांशी काटकोनात राहावा, अशी अपेक्षा असते. मागचे दोर आखूड आढळल्यास पतंगाच्या मागच्या कोपऱ्यांवरील गाठी घातलेल्या दोरीवर एक गाठ पतंगापासून दूर सरकावे. लांब आढळल्यास एक गाठ जवळ. हा फेर दोन्ही बाजूंना सारखाच करावा, कारण मागचे दोन दोर आपसात असमान राहिले तर आखूड दोराच्या बाजूला पतंग आपोआप वळतो आणि स्वाराला दांडा अखंड तिरपा धरावा लागतो.

जमिनीवरच्या निर्णयाची साक्ष आकाशात घ्यावी लागते. बेताच्या वाऱ्यात पतंग डोक्यावर स्थिर करून दांडा पूर्ण ओढून काही क्षण धरावा. पतंग मागे घसरू लागला, तर मागचे दोर अजून आखूड आहेत. दांडा पूर्ण ओढूनही ते ढिलेच राहिले व पतंग वळण्यास कुचराई करू लागला, तर ते लांब आहेत. मोसमातला रोजचा फरक मात्र गाठींनी नव्हे, ट्रिमच्या पट्ट्याने भागवावा. तो ओढल्याने पुढचे दोर आखूड होऊन एकंदर जोर कमी होतो. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा येथे पूर्वेचा लेवांते वारा झोतांनी येतो आणि पश्चिमेचा पोनिएन्ते त्या मानाने एकसारखा वाहतो. झोतांच्या दिवशी पट्टा आधीच ओढून ठेवणाऱ्याच्या हाती जोर ओसरविण्याची सवड उरते, आणि ती सवडच त्याची सुरक्षा असते.

हुकाशी असलेली सुटकेची कळ हा या यंत्राचा शेवटचा बंदोबस्त. ती दाबताच पतंग एका दोरावर लटकून जोर टाकून देतो. या कळीच्या चाचणीसाठी २०२० साली आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. वाळू व मीठ साचले की ती जड होते. म्हणून गोड्या पाण्याने धुऊन दर वेळी उडविण्यापूर्वी ती हाताने उघडून पाहणे आवश्यक आहे.

पतंगावर जिवाची जबाबदारी टाकणाऱ्या प्रत्येकाने दोर मोजण्याचे हे काम प्रशिक्षकावर किंवा दैवावर न सोपविता स्वतः करावे. वाऱ्यावर अंमल कोणाचाच नाही; दोरांच्या लांबीवर मात्र पूर्णपणे आपला आहे, आणि या खेळातील कौशल्याचा आरंभ तेथेच होतो.