खेजडली : मरुभूमींतील एक गांव

मरुभूमि म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळूच्या टेकड्या व उंटांचे तांडे उभे राहतात. अशा ठिकाणीं वृक्षांसाठीं प्राण देणारीं माणसें होऊन गेलीं असतील, ही कल्पनाहि सहसा मनास शिवत नाहीं. म्हणून राजस्थानांतील खेजडली या गांवाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें लहानसें गांव जोधपूर शहराच्या आग्नेयेस सुमारें २६ किलोमीटरांवर, थरच्या वाळवंटाच्या पूर्वेकडील भागांत वसलें आहे. या बाजूस वर्षाकांठीं पाऊस पडतो तो सरासरी ३५ ते ४० सेंटिमीटर. आणि तोहि बहुतेक पावसाळ्याच्या तीन महिन्यांतच. एखादे वर्षीं तितकाहि पडत नाहीं. त्यामुळें बाजरी, मूग, मटकी, तीळ यांसारखीं थोड्या पाण्यावर येणारीं पिकें व गुरेंढोरें यांवरच येथील लोकांचा निर्वाह चालत आला आहे.

गांवाचें नांव खेजडी या वृक्षावरून पडलें. खेजडी म्हणजे दसऱ्यास आपण जिचें पूजन करितों ती शमी होय. हिचीं मुळें फार खोल जातात. यामुळें भर उन्हाळ्यांत इतर झाडें सुकलीं असतां हिला नवी पालवी फुटते. हिचा पाला शेळ्या व उंट आवडीनें खातात, आणि ‘सांगरी’ नांवाच्या शेंगांची भाजी होते. हिच्या सांवलींत पीक खुरटत नाहीं, उलट जमिनीचा कस वाढतो; म्हणून शेतकरी ती शेताच्या मध्यभागींहि राहूं देतात. १८९९–१९०० सालच्या ‘छपन्या’ दुष्काळांत तर हिची साल दळून लोकांनीं दिवस काढले.

या वृक्षाचें मोल ज्यांनीं धर्म म्हणून मानिलें ते बिश्नोई लोक होत. नागौरकडील पीपासर गांवीं १४५१ सालीं जन्मलेल्या जांभोजींनीं १४८५ सालीं हा पंथ स्थापिला. त्याचे नियम एकोणतीस. ‘वीस आणि नऊ’ यांवरूनच बिश्नोई हें नांव आलें, असें सांगतात. हिरवें झाड तोडूं नये व प्राणिमात्रांवर दया करावी, हे त्यांपैकीं दोन नियम होत. यांच्या शेतांतून काळवीट निर्भयपणें चरतात. मृतांस हे लोक दहन न करितां पुरतात, त्यामुळें लांकडाचीहि बचत होते.

या निष्ठेची कसोटी १७३० सालीं लागली. जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या बांधकामासाठीं चुन्याची भट्टी पेटवावयाची होती व तीस सर्पण हवें होतें. दिवाण गिरधर भंडारी यांचीं माणसें कुऱ्हाडी घेऊन खेजडलीस आलीं. तेव्हां अमृतादेवी नांवाच्या स्त्रीनें झाडास मिठी मारिली. लांच दिल्यास झाड वांचेल, असें तीस सुचविण्यांत आलें. परंतु तो तिला धर्माचा अपमान वाटला. ती मारली गेली. तिच्यामागून तिच्या तिन्ही मुलीहि त्याच मार्गानें गेल्या. वार्ता पसरतांच आसपासच्या गांवांतून लोक धांवून आले, आणि एकामागून एक अशीं एकंदर ३६३ माणसें तेथें पडलीं. महाराजांस हें कळतांच त्यांनीं तोड थांबविली व बिश्नोई गांवांत वृक्षतोड आणि शिकार यांस मनाई केली, अशी परंपरा आहे.

आज तेथें हुतात्म्यांचें स्मारक असून भाद्रपद शुद्ध दशमीस मेळा भरतो. १९८३ सालीं खेजडीस राजस्थानच्या राज्यवृक्षाचा मान मिळाला. १९७३ सालीं हिमालयाच्या पायथ्याकडील चिपको चळवळींत लोकांनीं झाडांस मिठ्या मारिल्या, तेव्हांहि या गांवाचें स्मरण अनेकांस झालें.

जेथें पाणी मुबलक तेथें झाड सहज वाढतें, आणि म्हणूनच तें सहज तोडलेंहि जातें. मरुभूमींतील माणसास मात्र एका झाडामागें किती वर्षें उभीं असतात हें ठाऊक असतें. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं येत्या दसऱ्यास शमीपुढें हात जोडतांना खेजडलीची आठवण ठेवावी, आणि शक्य तर एक रोप लावून तें जगवावें, एवढीच आमची विनंती आहे.