बुलेट हुकली; लूपवरच्या गाडीचे काय?

१ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात सात वेगवान रेल्वेमार्ग जाहीर झाले. मुंबई-पुणे आहे, पुणे-हैदराबाद आहे. मराठवाड्यातून जाणारा मुंबई-नागपूर नाही, ज्याचे २०२१ मध्ये हवाई सर्वेक्षण सुरू झाले होते. ‘मराठवाड्याला पुन्हा डावलले’ ही ओरड ठरलेलीच. संभाजीनगरच्या गारखेड्यात बसून मला मात्र या बातमीचे फार दुःख होत नाही. आपल्याकडे जी वेगवान गाडी आली, तिचे काय झाले ते आधी पाहू.

३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. जालन्याहून पहाटे ५.०५, सीएसएमटीला ११.५५. दुपारचे मंत्रालय गाठता येत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत नेली आणि मुंबईत पोचायची वेळ झाली २.२५. नांदेड-परभणीकरांना गाडी मिळायलाच हवी होती. पण एकीतच सगळ्यांना कोंबले आणि संभाजीनगरकराचा मुंबईतला मुक्काम वाढला. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस आहे, पण तिचे आरक्षण मिळेल तर. वंदे भारतला ६१० किलोमीटरला साधारण साडेनऊ तास लागतात, म्हणजे सरासरी ताशी ६४. गाडीचा कमाल मंजूर वेग आहे १६०.

दुखणे रुळांत आहे. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की दोघींपैकी एकीला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, जावेच लागते, आणि मान असतो वंदे भारतचा. करमाड, बदनापूर, लासूरला ताटकळते ती पॅसेंजर: कॉलेजची पोरे, मजूर, भाजीच्या पाट्या. वंदे भारतला जनरल डबा नाही. तिची वाचलेली मिनिटे ज्यांच्या वेळेतून येतात, त्यांना तिच्यात बसायची सोय नाही. गारखेड्याच्या कडेला शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकावर देवळाई-सातारा परिसरातल्या लोकांनीही हेच ताटकळणे भोगले. भुयारी मार्गासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला.

आता पैशांचे बघा. मुंबई-अहमदाबाद बुलेटचा मूळ अंदाज ५०८ किलोमीटरला १ लाख ८ हजार कोटी. किलोमीटरला दोनशे कोटींहून जास्त. संभाजीनगर-परभणी दुहेरीकरण, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मान्यता दिली, १७७ किलोमीटरला २,१७९ कोटी. बुलेटच्या एका किलोमीटरच्या खर्चात इथे सतरा किलोमीटर दुसरा रूळ पडतो.

बुलेटवाले चीनकडे बोट दाखवतात, तर चीनच पूर्ण पाहा. सिचुआनच्या डोंगरात पुशियुंग ते पानझिहुआ अशी ५६३३ क्रमांकाची गाडी धावते, ३५३ किलोमीटर. यी समाजाचे शेतकरी तिच्यात डुकरे, कोंबड्या, भाजीपाला घेऊन चढतात. जनावरांसाठी वेगळी जागा केलेली असते. तिकीट १९९५ पासून वाढलेले नाही. सर्वांत कमी २ युआन, शेवटपर्यंत पंचविसेक. जगातले सर्वांत मोठे बुलेटजाळे असलेल्या देशाने अशा ८१ संथ गाड्यांच्या जोड्या तोटा सोसून मुद्दाम चालू ठेवल्या आहेत. तिथेही बुलेट आल्यावर अनेक ठिकाणी स्वस्त गाड्या घटल्या आणि लोक कुरकुरले, हे खरे. पण गरिबाची गाडी हा सरकारी खर्चाचा विषय आहे, एवढे तरी त्यांनी मान्य केले. आपल्याकडे ‘वेग’ म्हटले की फक्त उद्घाटनाची हिरवी झेंडी दिसते.

म्हणून बुलेटसाठी निवेदने घेऊन दिल्लीला निघणाऱ्या आपल्या खासदारांना वाचकांनी आधी दोन गोष्टी विचाराव्यात: परभणीपर्यंतचा दुसरा रूळ कोणत्या तारखेला सुरू होणार, आणि जालना-मनमाड दरम्यान सकाळ-संध्याकाळ जनरल डब्यांची, वेळेवर धावणारी गाडी कधी देणार?