काफिर कोण, हे ठरवायचे कोणी?

इस्लाममध्ये बुद्धिवाद हरला आणि त्याच्याबरोबर सहिष्णुताही गेली, असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. या मांडणीतले नायक म्हणजे मुतझिला. आठव्या शतकात बसऱ्यात उदयाला आलेले हे विद्वान म्हणत, की चांगले-वाईट माणसाला बुद्धीने कळू शकते. ईश्वर न्यायी आहे, म्हणून माणूस स्वतःच्या कर्मांना स्वतःच जबाबदार आहे. आणि कुराण अनादी नसून ईश्वराने निर्माण केलेले आहे. हा विचार धाडसी होता यात शंका नाही. पण सत्ता पाठीशी आल्यावर काय घडले, तेही पाहायला हवे. ग्रीक ग्रंथांच्या अरबी भाषांतरांना आश्रय देणारा खलीफा मामून याने इ.स. ८३३ मध्ये काझींची आणि हदीसच्या पंडितांची जबानी घेण्याचा हुकूम काढला. कुराण निर्मित आहे हे कबूल करा, नाहीतर परिणाम भोगा! हदीसचे पंडित अहमद इब्न हंबल नमले नाहीत. मामूननंतर आलेल्या मुतसिमच्या काळात त्यांना चाबकाचे फटके खावे लागले. सगळेच मुतझिला या छळात सामील नव्हते, हे खरे. पण मुतसिमचा मुख्य काझी इब्न अबी दुआद त्यांच्यापैकीच होता. बुद्धीवर विश्वास असला म्हणजे दुसऱ्याचे मत सोसण्याची तयारी आपोआप येते, असे नाही.

माझ्या मते इस्लाममधल्या सहिष्णुतेचे मूळ दुसऱ्याच वादात आहे. खवारिज या सुरुवातीच्या काळातल्या कडव्या गटाचे म्हणणे असे, की घोर पाप करणारा मुसलमान मुसलमान उरतच नाही. ६६१ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने खलीफा अलींचा खून केला. त्यांच्या उलट मुर्जिआ पंथाचे लोक म्हणत, की कोणाच्या श्रद्धेचा निवाडा आपण करायचा नाही, तो ईश्वरावर सोपवायचा. अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांची भूमिका याच्या जवळची: पापाने माणूस पापी होतो, धर्मबाह्य होत नाही. या मताने जुलमी राज्यकर्त्यांचे फावले, असा आक्षेप जुनाच आहे. तो पुरता खोटाही नाही. पण ७३४ मध्ये खुरासानात उमय्या खलीफांविरुद्ध बंड करणारा हारिस इब्न सुरैज मुर्जिआंपैकीच होता, आणि इस्लाम स्वीकारूनही ज्यांच्याकडून जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा कर, वसूल होई त्यांची बाजू तो मांडत होता. श्रद्धेची कबुली पुरेशी मानली की नवमुस्लिमाला दुय्यम ठरवता येत नाही, हे त्या मताचे दुसरे टोक.

मग बुद्धीचे काम काय? निवाड्याला हद्द घालणे. तीन मुद्द्यांवर तत्त्वज्ञांना काफिर ठरवणाऱ्या धर्मपंडित गझालींनीच (मृत्यू ११११) पुढे ‘फैसल अल्-तफरिका’ लिहून असा शिक्का कधी मारू नये याचे नियम घालून दिले. ज्या दूरच्या ख्रिस्ती आणि तुर्क लोकांपर्यंत पैगंबरांचा संदेश पोहोचलाच नाही, किंवा विपरीत रूपात पोहोचला, तेही ईश्वरी कृपेला पात्र आहेत, असे त्यांनी त्यात म्हटले. तत्त्वज्ञ इब्न रुश्द त्यांच्याही पुढे गेले: तात्त्विक प्रश्नांवर विद्वानांचे एकमत सिद्धच करता येत नाही, तर त्यावरून कोणाला काफिर कसे ठरवणार? ११९५ मध्ये खुद्द त्यांनाच कोर्दोव्हातून हद्दपार व्हावे लागले.

ही सहिष्णुता बरीचशी मुसलमानांपुरती होती, बिगरमुस्लिमांचा जिझिया आणि दुय्यम दर्जा तिने हटवला नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. समान नागरिकत्व यातून निघत नाही. पण सहधर्मीयांनाच काफिर ठरवून ठार मारणाऱ्या आजच्या सशस्त्र गटांना बाहेरून उसने उत्तर आणण्याची गरज नाही. ते अबू हनीफांनी बाराशे वर्षांपूर्वी दिले आहे, आणि कोकणातले शाफई वगळले तर महाराष्ट्रातले बहुतेक सुन्नी मुस्लिम त्यांच्याच पंथाचे आहेत.