घरची पद्मिनी
मुंबईची टॅक्सी म्हणून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. काही घरांत मात्र अब्बांची पद्मिनी अजून उभी असते, ईदला निघते. उभ्या गाडीतले पेट्रोल सुकून कार्बोरेटरचे जेट चिकटतात. ते साफ होतात. खरी भीती रबरी पाइपांची. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने फुगते, तडकते. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर आग! वास आला की मुलांना बसवू नका, आधी इथेनॉल सोसणारे पाइप घाला.

ऑइल गळते म्हणून मेकॅनिक इंजिनच उघडायला निघतो. त्याआधी ब्रीदरचा पाइप काढून पाहा. तो तुंबला की आतला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. थंड इंजिनावर काढा, धुवा, पूर्ण वाळवून बसवा.