तीन ब्लॉकेज, मग ग्राफ्ट दोनच का?

पंढरपूरहून एका श्रोत्याने विचारलंय, "वडिलांच्या अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाली. सर्जन म्हणतात दोनच ग्राफ्ट लावू. मग तिसरं तसंच सोडायचं का?" घरात काळजी असणारच. म्हणून आजचा भाग याच प्रश्नावर.

आधी एक गोष्ट पक्की करू. बायपासमध्ये ब्लॉकेज काढत नाहीत, ते जागच्या जागी राहतं. त्याच्या पुढच्या चांगल्या भागात दुसरी रक्तवाहिनी आणून जोडतात. पंढरपूरकरांना हे लगेच कळेल. आषाढीला वाखरीकडून येणारा रस्ता तुंबला, तर पर्यायी रस्ता गर्दीच्या पुढे निघाला पाहिजे. अलीकडेच निघाला तर पुन्हा त्याच गर्दीत!

आता तिसऱ्या ब्लॉकेजकडे येऊ. विश्रांती घेताना हृदयाच्या स्नायूला मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त लागतं. जिना चढताना ही गरज कितीतरी पटींनी वाढते. धमनी अरुंद झाली की पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून भरपाई करतात. त्यामुळे मध्यम ब्लॉकेज असलं तरी पुरेसं रक्त पोचू शकतं. अशा धमनीला ग्राफ्ट जोडला तर काय होईल? मूळ वाटेने रक्त जोरात येतच असतं, त्यामुळे ग्राफ्टमधून फारसं वाहत नाही. रिकामा रस्ता निदान रस्ता तरी राहतो, पण कमी वाहणारा ग्राफ्ट, विशेषतः धमनीचा, आकसत जाऊन बंद पडू शकतो. म्हणून नुसते टक्के न बघता काही वेळा ब्लॉकेजच्या आधीचा आणि नंतरचा दाब तारेने मोजतात. त्याला एफएफआर म्हणतात. तो ०.८० किंवा त्याहून कमी आला, तर अडथळा खरोखर रक्त अडवतोय असं धरतात.

ग्राफ्ट कशाचा, हेही महत्त्वाचं. छातीच्या आतल्या डाव्या धमनीचं वरचं टोक तसंच ठेवतात आणि खालचं हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडतात. दहा वर्षांनीही यातले बहुतेक ग्राफ्ट चालू असतात. पायाच्या शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी करून जोडतात. पण तिला धमनीच्या दाबाची सवय नसते. दहा वर्षांत अशा शिरांपैकी बऱ्याच बंद होतात.

डॉ. मनमोहन सिंग यांचंच बघा ना. पहिली बायपास १९९० मध्ये ब्रिटनमध्ये झाली. पुढे २४ जानेवारी २००९ ला दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने पुन्हा केली, पाच ग्राफ्ट लावून. म्हणजे बायपासने नवी वाट मिळते, आजार जात नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि तंबाखू कायमची सोडायची.

तेव्हा सर्जनना तीन गोष्टी जरूर विचारा. तिसऱ्या ब्लॉकेजने रक्त खरंच अडतंय का? त्याच्या पुढची धमनी जोडण्याइतकी मोठी आहे का? आणि कुठल्या धमनीला कुठला ग्राफ्ट लावणार? "रक्त अडत नाहीये" असं उत्तर आलं, तर दोनच ग्राफ्ट लावणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, हयगय नव्हे.

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.