जिंकल्यानंतरची एकजूट

दिल्लीच्या वेशीवरचे आंदोलक शेतकऱ्यांचे तंबू ११ डिसेंबर २०२१ पासून उतरू लागले आणि सजवलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पंजाब-हरियाणाच्या वाटेला लागल्या. गावोगाव स्वागत सुरू असतानाच, १८ डिसेंबरला, हरियाणाचे शेतकरी नेते गुरनामसिंग चढूनी यांनी चंदीगडमध्ये ‘संयुक्त संघर्ष पार्टी’ जाहीर केली. त्यानंतर आठवडाभरात, २५ डिसेंबरला, त्याच शहरात पंजाबमधल्या २२ संघटनांनी बलबीरसिंग राजेवाल यांच्या नेतृत्वाखाली ‘संयुक्त समाज मोर्चा’ स्थापून विधानसभा लढवायचं ठरवलं. केंद्र सरकारला तीन कृषी कायदे मागे घ्यायला लावणारी एकजूट लाठ्या, थंडी आणि करोना यांतून टिकली होती. विजयानंतर मात्र ती पंधरवड्यातच उसवू लागली.

ही एकजूट म्हणजे संयुक्त किसान मोर्चा. तो नोव्हेंबर २०२० मध्ये उभा राहिला, तेव्हा त्यात कोण नव्हतं? डाव्या किसान सभा होत्या, उत्तर प्रदेशातल्या खाप पंचायतींशी जवळीक असलेले टिकैत होते, संघपरिवारातून बाहेर पडलेले मध्य प्रदेशचे शिवकुमार ‘कक्काजी’ होते आणि पंजाबच्या तीसेक ‘जथेबंदियां’ होत्या. पंजाबात संघटनेला जथेबंदी म्हणतात. यातल्या कित्येक एकाच भारतीय किसान युनियनच्या फुटीतून जन्मलेल्या, म्हणजे एकमेकींशी जुनं वैर असलेल्या. जोगिंदरसिंग उगराहां यांच्या मोठ्या संघटनेने तर टिकरीच्या वेशीवर आपलं वेगळं व्यासपीठच थाटलं होतं.

या गोतावळ्याने एक नियम कसोशीने पाळला: राजकीय नेत्याला मंचावर जागा नाही. कार्यकर्त्याने पक्ष सोडावा, अशी अट मात्र कधीच नव्हती. महाराष्ट्रातले डॉ. अशोक ढवळे उघडपणे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते; तरी ४ डिसेंबर २०२१ ला सरकारशी शेवटची बोलणी करण्यासाठी जी पाच जणांची समिती नेमली गेली, तिच्यात राजेवाल, चढूनी, कक्काजी आणि युद्धवीरसिंग यांच्याबरोबर ढवळेही होते. माणसाचा पक्ष त्याच्यापाशी, मंचाची मागणी सगळ्यांची, इतकी ती साधी विभागणी होती.

मोर्चाची शिस्त मोडणाऱ्याला शिक्षाही होत असे. पंजाबच्या शेतकरी संघटनांनी निवडणूक लढवावी असं जाहीरपणे सुचवल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये चढूनींना सात दिवसांसाठी निलंबित करण्यात आलं. लखीमपूर खेरीत आंदोलक शेतकऱ्यांच्या झालेल्या हत्याकांडानंतर मोर्चाचे नेते योगेंद्र यादव तिथेच मारल्या गेलेल्या भाजप कार्यकर्त्याच्या घरी सांत्वनाला गेले, म्हणून ऑक्टोबरमध्ये त्यांना महिनाभर बाहेर ठेवलं. यादवांवरची कारवाई आजही अनेकांना खटकते आणि माणुसकीच्या दृष्टीने ती खटकायलाच हवी. पण या शिक्षा मुदतीच्या होत्या, ही बाब फार मोलाची आहे. माणूस बाहेर गेला तरी परतीची तारीख ठरलेली असे. डिसेंबर २०२० मध्ये उगराहां गटाने मानवी हक्क दिनी तुरुंगातल्या लेखक-कार्यकर्त्यांची छायाचित्रं झळकवली, तेव्हाही बाकीच्यांनी नापसंती दाखवली, पण संबंध तोडले नाहीत.

मग विजयानंतर काय बिनसलं? आंदोलन चालू असताना ‘निवडणुकीचं काय?’ हा प्रश्न मोर्चाने शिक्षा देऊन दाबला. बसून सोडवला नाही. कायदे गेले आणि सगळ्यांना बांधणारी मागणी संपली, तेव्हा तो उसळून वर आला. उगराहां, दर्शन पाल, जगजितसिंग डल्लेवाल या पंजाबच्या नेत्यांचा निवडणुकीला विरोध होता. जानेवारी २०२२ मध्ये संयुक्त किसान मोर्चाने निवडणूक लढवणाऱ्यांशी फारकत घेतली. १० मार्चला निकाल लागला. ११७ पैकी ९२ जागा आम आदमी पक्षाला मिळाल्या, शेतकऱ्यांच्या आघाडीला एकही नाही. समराळ्यात खुद्द राजेवालांची अनामत रक्कम जप्त झाली. वर्षभर सिंघूच्या वेशीवर ज्यांच्या शब्दावर हजारो लोक उठत-बसत होते, त्यांना मत देताना त्याच लोकांनी वेगळा विचार केला.

मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र आले होते. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरा दिला. १ मे १९६० ला राज्य मिळालं, समिती विस्कटली, आणि १९६२ ला काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. एस. एम. जोशी आणि डांगे यांना जोडणारी मागणी पूर्ण झाली, त्याबरोबर जोडही गेला.

चंदीगडशी महाराष्ट्राच्या शेतकरी चळवळीचं नातं तर याहून थेट आहे. मार्च १९८४ मध्ये भारतीय किसान युनियनने चंदीगडच्या राजभवनाला वेढा घातला, तेव्हा शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्यात सामील झाले होते. पंजाब दहशतवादात होरपळत होता. अशा वेळी शेतमालाच्या भावासारख्या प्रश्नावर हिंदू-शीख शेतकरी एकत्र बसवणं हे धाडसच होतं. पण ही मैत्री देशव्यापी संघटनेत मुरली नाही. २ ऑक्टोबर १९८९ ला दिल्लीच्या बोट क्लबवर जोशी आणि महेंद्रसिंग टिकैत यांच्यातली फूट भर सभेत उघडी पडली. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृषी कायद्यांसाठी समिती नेमली, तेव्हा शेतकरी संघटनेचे अनिल घनवट आणि पंजाबचे जुने नेते भूपिंदरसिंग मान या कायद्यांच्या समर्थकांची नावं तिच्यात आली; मान दोनच दिवसांत बाजूला झाले. चळवळीतले जुने सोबती तोवर कायद्यांच्या दोन बाजूंना उभे होते.

२०२२ मध्येच डल्लेवालांनी ‘संयुक्त किसान मोर्चा (अराजकीय)’ वेगळा काढला. हमीभावाच्या मागणीसाठीची फेब्रुवारी २०२४ ची दिल्लीवरची चढाई या गटाने आणि सरवनसिंग पंधेर यांच्या किसान मजदूर मोर्चाने मिळून केली. मूळ मोर्चा तिच्यात नव्हता. पंजाब-हरियाणाच्या शंभू आणि खनौरी सीमांवर रस्ते अडले आणि मंत्र्यांशी चर्चा चंदीगडमध्ये होऊ लागली. मका, कापूस, तूर, उडीद, मसूर ही पिकं पाच वर्षं हमीभावाने घेण्याचा प्रस्ताव १८ फेब्रुवारीच्या चौथ्या बैठकीत आला आणि दुसऱ्या दिवशी फेटाळला गेला. सरकारपुढे या वेळी अर्धीच ताकद बसली होती, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

डल्लेवालांनी २६ नोव्हेंबर २०२४ ला उपोषण सुरू केलं, तेव्हा जुन्या सोबत्यांना राहवलं नाही. मोग्याच्या महापंचायतीत एकजुटीचा ठराव करून मूळ मोर्चाची समिती जानेवारी २०२५ मध्ये त्यांना भेटायला गेली. पातडां आणि मग चंदीगड इथे बैठका झाल्या. किमान समान कार्यक्रमावर बोलणी झाली, पण विलीनीकरण झालं नाही. ३ मार्चला पंजाबचे मुख्यमंत्री भगवंत मान मूळ मोर्चाच्या नेत्यांबरोबरची चंदीगडमधली बैठक अर्ध्यावर सोडून निघून गेले. तिथे उगराहांच्या बरोबरीने राजेवालही होते. तीन वर्षांपूर्वी निवडणुकीवरून दुरावलेले हे दोघे पुन्हा टेबलाच्या एकाच बाजूला बसले होते. १९ मार्चला केंद्रीय मंत्र्यांशी बोलून चंदीगडहून निघालेल्या डल्लेवाल आणि पंधेर यांना पंजाब पोलिसांनी मोहालीत ताब्यात घेतलं आणि शंभू-खनौरी रिकामं केलं. त्या आंदोलनात नसलेल्या मूळ मोर्चाने या कारवाईचा जाहीर निषेध केला.