इकार आधी की नंतर?

सप्टेंबरात कुठल्याही दिवाळी अंकाच्या कचेरीत तासभर बसावं. सॉफ्टवेअर कंपन्यांबद्दल सामान्य माणसाचं मत काय, हे न विचारता कळतं. लेख युनिकोडमध्ये आलेला असतो, पानं जुन्या फॉन्टात लावायची असतात आणि मधल्या कन्व्हर्टरने ‘दुसऱ्या’मधला ऱ्या गिळलेला असतो. डीटीपी करणाऱ्या बाई लाल पेनाने खुणा करता करता तीन कंपन्यांचा एकदम उद्धार करतात. बदल त्यांना नवा नाही. त्यांचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, आणि ते काम याच संगणकाने बुडवलं. मात्र दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी दूर बसून काहीतरी बदलतं आणि निस्तरायला आपण असतो, याचा त्यांना वीट आलाय.

त्या ऱ्याचंच घ्या. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र् नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून ‘दुसऱ्या’ शोधायला गेलं तर निम्मे सापडतात, निम्मे नाहीत. असा ऱ्या मराठीला पावलोपावली लागतो, हिंदीला लागत नाही. ‘ॲ’ची कथाही तशीच. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, पण ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळायला २००८ साल उजाडलं. तोवर ‘ॲसिड’ लिहायचं तर ‘अ’वर चंद्र चिकटवायचा, आणि तो नीट बसला तर नशीब.

युनिकोडच्या आधीचा काळ सोन्याचा होता, असं छापखान्यांत अजून ऐकू येतं. तो सोन्याचा नव्हता, ओळखीचा होता. पेजमेकर १९८५ मध्ये अल्डसने आणला, पुढे तो अडोबीकडे गेला आणि २००१ च्या ७.० नंतर त्याची नवी मोठी आवृत्ती आलीच नाही. तरी मराठी पानं त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच्यावर लागत राहिली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असो की आकृती, हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. पेजमेकरच्या समजुतीने तो इंग्रजीच छापत होता! युक्ती झकास होती, पण प्रत्येक कंपनीने आकार आपापल्या मर्जीने बसवले. एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टात उघडली की पडद्यावर भेळ.

वर त्या ‘लॉक’चा जाच. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या खाचेत, आगपेटीएवढी डबी खोचायची; ती नसेल तर फॉन्ट मुका. आमच्या एका अंकाच्या वेळी ही डबी वसुबारसेच्या तोंडावर बिघडली. कंपनीने शांतपणे सांगितलं, की नवा संच घ्या. पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर आपलं नसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अर्थात, आमच्याकडच्या चार संगणकांपैकी तीन त्या डबीला फसवूनच चालत होते, हेही सांगायला हवं. कंपन्यांवर तोंडसुख घेणाऱ्यांत फुकट्यांचा आवाज नेहमीच जरा मोठा असतो.

पानं लावायच्या अडोबीच्याच इनडिझाइनची गंमत तर कडूच. भारतीय लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळवण्याची सोय त्यात सीएस ६ या २०१२ च्या आवृत्तीत आली. लोक युनिकोडकडे वळायला तयार झाले, तोच २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केलं, की यापुढे नवी आवृत्ती कायमची विकत मिळणार नाही, वर्गणी भरा. वर्षाकाठी एकच अंक काढणाऱ्या माणसाने बारा महिने भाडं का भरायचं? मोठ्या वृत्तपत्राला ती वर्गणी किरकोळ वाटते, लहान संपादकाच्या मात्र अर्ध्या पानाच्या जाहिरातीचे पैसे तिच्यात जातात.

पण माझ्या मते खरा निवाडा बोटांकडे असतो. टाइपरायटरवर मराठी शिकलेला माणूस ‘कि’ लिहिताना आधी इकार मारतो, मग क, कारण कागदावर इकार डावीकडे उमटतो. १९८६ च्या इनस्क्रिप्ट कळफलकावर आधी क, मग इकार, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. तर्क इनस्क्रिप्टच्या बाजूने आहे, शिवाय तीच मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना चालते. पण मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा देऊन सरकारी नोकरीला लागलेल्या माणसाला तर्क सांगून काय उपयोग? त्याची बोटं वीस वर्षं उलटी धावलेली असतात. अशा माणसाला ‘बदलाला नकार देणारा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आणि नवी पिढी? ती मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवते, नाहीतर सरळ बोलते. इकाराचं भांडण तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

जमेच्या बाजूलाही बरंच आहे. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’सारखा सुबक फॉन्ट आज कुणालाही फुकट घेता येतो. विदर्भातल्या लेखकाचा मजकूर कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत जसाच्या तसा उघडतो. श्रीलिपीच्या काळात त्यासाठी सोबत फॉन्टही धाडावा लागे. एवढ्यासाठी ऱ्याचा त्रास मी सोसायला तयार आहे.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ ला जुनी यंत्रं चालत नाहीत. कचेरीत पुन्हा तेच बोलणं झालं, फक्त कंपनीचं नाव वेगळं. मग बाईंनी कोपऱ्यातल्या संगणकाकडे बोट दाखवलं. विंडोज एक्सपी, पेजमेकर, मागे ती डबी. इंटरनेट मुद्दाम तोडलेलं. पंधरा वर्षांचे अंक त्यात आहेत आणि दुसरीकडे कुठेही उघडत नाहीत. दसऱ्याला नव्या लॅपटॉपवर एक फूल ठेवलं होतं. झेंडूची माळ त्या जुन्या डब्याला होती.